माझ्या जीटीओत दुसऱ्याच गाडीचं इंजिन निघालं! आता काय करू?

चाकधर | ३ मार्च, रात्री १०:४०

मंडळी, सल्ला हवाय. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी मिशिगनच्या थंब भागातल्या एका शेतकऱ्याच्या बार्नमधून मी १९६८ची पोंटियाक जीटीओ उचलली. टू-डोअर हार्डटॉप, मूळ रंग व्हर्डोरो ग्रीन (आता तो रंग फक्त डॅशखालच्या पत्र्यावर शिल्लक आहे), ४०० क्युबिक इंचाचं व्ही-एट, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स. विन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक, आपल्याकडचा चासी नंबर) २४२पासून सुरू होतो, म्हणजे जीटीओ खरीच आहे, पोंटियाकच्याच साध्या टेम्पेस्टला मुखवटा चढवलेला नाही. पीएचएसकडून (पोंटियाकचे जुने कागद जपणारी मंडळी) कारखान्याच्या बिलाची प्रतही मागवली. पोंटियाकवाल्यांचं नशीब की ते कागद टिकले. त्यात चार गिअर मॅन्युअल स्पष्ट लिहिलंय.

गेल्या शनिवारी इंजिन स्टँडवर चढवलं आणि पुढच्या उजव्या बाजूचा चाळीस-पन्नास वर्षांचा मळ ब्रेक क्लीनरने धुतला. खाली इंजिनाचा प्रकार सांगणारी दोन अक्षरं निघाली. मॅन्युअल गाडी म्हणजे डब्ल्यूटी असायला हवी होती, निघालं वायएस. वायएस म्हणजे ऑटोमॅटिकवाल्या गाडीचं ३५० हॉर्सपॉवर इंजिन. बाजूला गाडीच्या विन नंबरचा तुकडाही ठोकलेला असतो, तो माझा २८पीने सुरू व्हायला हवा (२ म्हणजे पोंटियाक, ८ म्हणजे अडुसष्ट, पी म्हणजे पोंटियाक गावचा कारखाना). तिथे आहे २८झेड. झेड म्हणजे फ्रीमाँट, कॅलिफोर्निया!

मग मागे पाहिलं. ऑटोमॅटिकसाठीच्या बऱ्याच क्रँकना पायलट बुशिंगचं भोक (मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बसतं ते) पुरतं पाडलेलं नसतं. माझ्या आधीच्या कोणीतरी त्यावर उपाय म्हणून गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोकच करवतीने कापून टाकलंय. दोन वर्षं मी ज्या मन्सीला तेल चोळत होतो ती अशी नाक कापलेली निघाली.

तर प्रश्न असा: माझ्या गाडीच्या तारखेला जुळणारा डब्ल्यूटी ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) शोधत फिरू, की आहे तेच बांधून गाडी रस्त्यावर आणू? इथला एक मशीनवाला म्हणतो, 'जुना ठसा घासून तुझा नंबर ठोकून देतो, कोणाला कळणार नाही.'

---

झंप्या | ३ मार्च, रात्री १०:५२

म्हणजे घरजावई इंजिन आहे म्हण की. आडनाव वेगळं, राहतंय तुझ्याकडे.

---

शेवंता | ३ मार्च, रात्री ११:१५

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. इंजिन त्याच मॉडेलचं, तेवढ्याच ताकदीचं, चालूही होतंय. मग अडलं कुठे? माझ्या मिक्सरची मोटर तीनदा बदलली, मी कधी पत्रिका पाहिली नाही.

---

ह्यूस्टनचा_बंड्या | ३ मार्च, रात्री ११:३८

शेवंताताई, तुमच्या मुद्द्याला +१००.

चाकधर, माझ्याकडे ६७ची मस्टँग फास्टबॅक आहे. फोर्डवाल्यांना ६७पासून पुढचा मार्टी रिपोर्ट मिळतो (गाडी कारखान्यातून कशी निघाली त्याचा दाखला), तो मीही मोठ्या हौसेने मागवला होता. त्यातून काय कळलं? माझ्या गाडीतलं काय काय गायब आहे, त्याची यादी! त्यानंतर मी दारं, फेंडर, फरशी, डिकीचा पत्रा सगळं नवीन घेतलं. आता तर ६७-६८च्या मस्टँगची आख्खी बॉडी नव्याने ठोकलेली मिळते. मूळ भाग शोधणं हा वेळ आणि पैसा जास्त झालेल्यांचा चोचला आहे. मी दर रविवारी गाडी चालवतो. तुझी कुठे आहे? स्टँडवर.

---

हेमांगी_ट्रॉय | ४ मार्च, सकाळी ७:०५

स्टँडवर इंजिन आहे. गाडी गॅरेजमध्ये आहे. माझी गाडी दोन हिवाळे बर्फात आहे. जाता जाता सांगितलं.

(चाकधर यांची सौ.)

---

झंप्या | ४ मार्च, सकाळी ७:३०

वहिनी धाग्यावर! खिक्! चाकधर, आता ब्लॉक सोड आणि खराटा शोध.

---

अण्णा_ऑक्टेन | ४ मार्च, सकाळी ९:२०

शेवंताताईंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. मी तीस वर्षं ओहायोत आहे, त्यातली वीस या लोखंडात गेली.

१९६४ साली पोंटियाकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा (जीएम) नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पोंटियाकच्या डिलोरियन आणि मंडळींनी पळवाट काढली: नवीन मॉडेल न काढता टेम्पेस्टवर 'जीटीओ' नावाचं जादा पॅकेज ठेवलं आणि त्यात ३८९ घातलं. मसल कार म्हणतात ती लाट इथून उसळली. पण त्यामुळे गोची अशी झाली की ६४-६५च्या जीटीओचा विन नंबर टेम्पेस्टच्याच साध्या लमाँ मॉडेलसारखा आहे. ६६पासून २४२ आला. आधीच्या दोन वर्षांतली गाडी खरी की बनावट हे कागदाशिवाय सांगताच येत नाही. भाव चढल्यावर लमाँच्या जीटीओ करून विकणारे निघालेच. म्हणून लोक आकड्यांना चिकटतात. आकडे हा या धंद्यातला सातबारा आहे.

चाकधर, आता तुझ्यासाठी. तो मशीनवाला दिसला की रस्ता बदल. ठसा घासून नवा ठोकणं म्हणजे खोटा दस्त. विन नंबरशी खेळणं इथे फेडरल गुन्हा आहे, शिवाय जाणकाराला ते कळतंच: अक्षरांचं वळण, खोली, घासलेल्या धातूची चकाकी. आज वायएस असलेला ब्लॉक खरा आहे. उद्या त्यावर डब्ल्यूटी ठोकलास तर तो कशाचाच राहणार नाही.

आणि डिस्ट्रिब्युटरच्या भोकाजवळ ओतीव अक्षर-आकडा बघ. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, मग तारीख, मग सालाचा शेवटचा आकडा. ते सांग.

---

जावाकर_पुणे | ४ मार्च, सकाळी ११:०२

अण्णा, 'सातबारा' आवडलं.

आमच्याकडे तर हा हौसेचा नाही, आरसी बुकाचा प्रश्न असतो. माझी जावा घेतली तेव्हा इंजिन नंबर पुस्तकात एक, केसिंगवर दुसरा. आरटीओत सात हेलपाटे घातले. तिकडे टायटलवर फक्त गाडीचा नंबर असतो असं ऐकून आहे, म्हणजे चाकधर कायद्याच्या दृष्टीने मोकळा. सुखी माणूस.

एक उपयोगाचं सांगतो. ठसा पुसट असेल तर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर काहीही लावू नकोस. आपण आरटीओला चासी नंबरची पेन्सिल प्रिंट देतो ना, तशी घे. पातळ कागद, मऊ शिसाची पेन्सिल, आडवी धरून हलक्या हाताने. डोळ्याला न दिसणारा आकडा कागदावर उमटतो.

---

चाकधर | ४ मार्च, रात्री ९:१५

अण्णा, ए १९ ८. म्हणजे १९ जानेवारी ६८. माझ्या फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पाटीवर ०३बी आहे, म्हणजे गाडीची बॉडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. घरजावई वयाने जुळतो, गोत्र मात्र वेगळं.

जावाकर, पेन्सिल प्रिंट झकास आली! एक आकडा मी ३ समजत होतो, तो ८ निघाला. मशीनवाल्याला नाही म्हणून कळवलं.

---

मिलपिटासकर | ५ मार्च, पहाटे ५:१०

इकडे अजून रात्रच आहे.

झेड! मी रोज त्या कारखान्यासमोरून जातो. जीएमने ८२ साली बंद केला, मग टोयोटाबरोबरच्या भागीदारीतला नुम्मी कारखाना तिथे आला, २०१०पासून टेस्ला. तुझ्या घरजावयाच्या माहेरी हल्ली बॅटऱ्या बसवतात.

पण एक खटकतं. इंजिन तर मिशिगनमध्येच ओतलेलं ना? मग फ्रीमाँटचा नंबर कसा?

---

अण्णा_ऑक्टेन | ५ मार्च, सकाळी ८:४५

ओतलं, जुळवलं पोंटियाक गावातच. तिथून बाहेरच्या कारखान्यांत जायचं आणि गाडीत बसताना त्या गाडीचा नंबर ठोकला जायचा. म्हणजे हे इंजिन मिशिगनमध्ये जन्मलं, कॅलिफोर्नियात नांदलं आणि कधीतरी परत आलं.

---

झंप्या | ५ मार्च, सकाळी ८:५०

मग घरजावई नाही, माहेरवाशीण आहे! शब्द मागे घेतो.

---

कोकणी_कॉन्टेसा | ५ मार्च, दुपारी १:३०

अवांतर होतंय, पण राहवत नाही.

आमच्याकडे मसल कार म्हणून मिरवणारी एकच: हिंदुस्थानची कॉन्टेसा. मुळात ती ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची नात, आणि नंतरच्या गाड्यांत इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. ताकदीपेक्षा ऐटच जास्त. तिच्या मागच्या दिव्यांच्या काचेसाठी मी कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला, मग चोर बाजार. शेवटी दिल्लीच्या मायापुरीत एका पोत्यात तीन काचा मिळाल्या, तिन्ही डाव्या. दोन वर्षं एक डावी काच उजवीकडे फेविक्विकवर उभी होती. पोलिसाने अडवलं तेव्हा म्हणाला, 'दिवा उलटा लावलाय का?' मी म्हटलं, 'साहेब, मिळाला हेच खूप.'

तुम्ही लोक तारखा जुळवता, आम्ही डावं-उजवं जुळवतो.

---

शेवंता | ५ मार्च, दुपारी २:१०

तीन डाव्या :)) आता मला या धाग्याची गोडी लागली. चाकधर, तुमच्याकडे सुटे भाग मिळतात कुठे?

---

चाकधर | ५ मार्च, रात्री १०:२५

शेवंताताई, तीन वाटा. पहिली, कॅटलॉगवाले: नव्याने बनवलेले भाग, घरपोच. दुसरी, स्वॅप मीट. पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला वसंतात आणि शरदात, हर्शीला ऑक्टोबरात. शेतभर पसरलेला जुना बाजार समजा. तिसरी, ॲरिझोनासारख्या कोरड्या भागातली भंगारं. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने चाकांमागचा पत्रा, डिकीची फरशी, मागच्या काचेखालची पन्हळ सगळं कुरतडतं. माझ्या डिकीतून जमीन दिसायची. वाळवंटातल्या गाडीची गादी उन्हाने जळलेली असते, पण पत्रा खणखणीत.

आणि सुटा भाग फक्त जीटीओचाच हवा असं नसतं. पुढची काच तर ६८ ते ७२च्या शेव्हेल, कटलस, स्कायलार्क, लमाँ अशा जीएमच्याच टू-डोअर बहिणींना एकच. कुठला भाग कुठल्या गाडीला बसतो हे हॉलंडरच्या जाडजूड पुस्तकात असतं. भंगारवाल्यांची ती ज्ञानेश्वरी.

आता माझी फजिती. हर्शीला एकाकडे जीएमच्या मूळ खोक्यात सीलबंद व्हॅक्यूम ॲक्च्युएटर दिसला. माझ्या गाडीचे हेडलाइट झाकणांमागे लपतात आणि ती झाकणं इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतात, त्यासाठी. खोका जुना, लेबल जुनं, पार्ट नंबर बरोबर. घासाघीस न करता पैसे मोजले. घरी येऊन उघडलं तर आत वापरून फाटलेला, डायफ्राम गेलेला भाग. खोका तेवढा ओरिजिनल. तो आता कपाटावर आहे, हेमांगी त्यात बटणं ठेवते.

---

हेमांगी_ट्रॉय | ५ मार्च, रात्री १०:४०

छान खोका आहे.

---

ह्यूस्टनचा_बंड्या | ६ मार्च, सकाळी ६:५०

हेच तर मी म्हणत होतो. नवीन घेतलं असतंस तर निदान चाललं असतं.

---

अण्णा_ऑक्टेन | ६ मार्च, सकाळी ९:३०

बंड्या, चाललं असतं, पण बसलं असतं का? नवीन ठोकलेलं दार लावून बघितलंयस ना? वरची फट बोटभर, खालची नखभर. मग कातर, ठोक, पुट्टी भर. ६८चं मूळ दार डेंट पडलेलं असलं तरी बिजागरीवर आपसूक बसतं. मूळ पत्र्याचा हट्ट मी भक्तीने नाही, आळसाने धरतो.

उलट काही ठिकाणी मूळ भागाचा हट्ट चक्क मूर्खपणा. पोंटियाकच्या टायमिंगच्या वरच्या चक्राचे दात नायलॉनने मढवलेले असत, आवाज कमी व्हावा म्हणून. ते नायलॉन वयाने ठिसूळ होऊन तेलाच्या पॅनमध्ये पडतं आणि ऑइल पंपाची जाळी बंद करतं. ते मूळचं आहे म्हणून जपणार? तसंच कॉम्प्रेशन. १०.७५ला एक, हे शिसं घातलेल्या जुन्या पेट्रोलचं गणित. आज पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर चढणीला टकटक करेल. डोक्यावर १६ आकडा असलेली मूळ हेड्स ठेव, पण व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसव. ते कोणाला दिसत नाही.

---

जावाकर_पुणे | ६ मार्च, सकाळी १०:१५

मायलेज किती हो? (भीतभीत विचारतोय.)

---

चाकधर | ६ मार्च, सकाळी १०:२०

लिटरला चार. उतार असेल तर साडेचार.

---

जावाकर_पुणे | ६ मार्च, सकाळी १०:२१

🙏

---

क्वाड्राजेट_कुलकर्णी | ९ मार्च, रात्री ८:००

उशिरा आलो, पण कार्ब्युरेटरचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. इंजिन बदललं गेलंय तर कार्ब कुणाचा आहे ते तपास. रॉचेस्टर कंपनीच्या कार्बच्या अंगावर नंबर असतो: ७०२८ने सुरू झाला तर ६८चा. पुढच्या आकड्यांवरून मॅन्युअलचा की ऑटोमॅटिकचा ते कळेल. आणि हात घातलाच आहेस तर खालचे वेल प्लग (पेट्रोलच्या वाडग्याखालची छोटी बुचं) बघ. ते झिरपतात, दोन दिवस गाडी उभी राहिली की वाडगं रिकामं होतं आणि सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी उतरते. लोक पेट्रोल पंप बदलतात, दोष असतो त्या गुंजेएवढ्या प्लगमध्ये. साफ करून इपॉक्सी लाव.

लोक या कार्बला शिव्या घालतात. मला तो आवडतो: पुढची दोन तोंडं लहान, मागची दोन मोठी. हळू चालवताना वाटीने पाणी पितो, पाय दाबला की घागरीने.

---

चाकधर | ९ मार्च, रात्री ११:३०

कुलकर्णी, आताच टॉर्च घेऊन गेलो. ७०२८च आहे! आणि पुढचे आकडे यादीत बघितले तर मॅन्युअलचा. म्हणजे ज्याने इंजिन बदललं त्याने माझ्या गाडीचा जुना कार्ब नव्या इंजिनावर चढवला असणार. आज दोन वर्षांत पहिल्यांदा गाडीतली एक वस्तू तिची स्वतःची निघाली. गॅरेजमध्ये एकटाच हसत उभा होतो.

---

मिलपिटासकर | १४ एप्रिल, रात्री ९:४५

धागा वर काढतो. चाकधरकडून व्यक्तिगत निरोपात पूर्ण नंबर घेतला होता आणि इथल्या पोंटियाकवाल्या म्हाताऱ्यांच्या शनिवारच्या बैठकीत चिठ्ठी फिरवली. पहिले तीन शनिवार फक्त डोनट खाल्ले. काल एक जण म्हणाला, मोडेस्टोकडे एका गृहस्थांची गाडी आहे, फ्रीमाँटची, ऑटोमॅटिक, पहिल्यापासून त्यांच्याकडेच. नंबर पडताळतो म्हणालाय.

---

झंप्या | १४ एप्रिल, रात्री ९:५०

रुमाल टाकून बसलोय.

---

ह्यूस्टनचा_बंड्या | १५ एप्रिल, सकाळी ७:१०

मी काहीही म्हणत असलो तरी हे वाचायला मजा येतेय. सापडलं तर चाकधर, तू ते इंजिन परत देणार? बाजारात त्याला त्या एकाच माणसापुरता सोन्याचा भाव आहे.

---

शेवंता | १५ एप्रिल, सकाळी ९:००

भाव कसला, द्यायलाच हवं. त्यांच्या घरचं आहे.

---

अण्णा_ऑक्टेन | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

शेवंताताई, मिक्सरवरून इथवर आलात!

---

चाकधर | २१ जून, रात्री १०:०५

मंडळी, उशीर झाला, माफी. बरंच घडलं.

मिलपिटासकरने नंबर जुळवला. त्याच गाडीचं इंजिन! मोडेस्टोच्या आजोबांशी तासभर फोनवर बोललो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना जास्त ताकदीची खुमखुमी आली, म्हणून ४५५ घातलं. पोंटियाकची व्ही-एट बाहेरून सगळी एकाच मापाची, त्यामुळे एका दुपारचं काम. काढलेलं ४०० त्यांनी अॅलमेडाच्या नौदल तळावरच्या एका पोराला विकलं. पोरगा मिशिगनचा, एवढंच त्यांना आठवतं. त्याचं स्वतःचं इंजिन म्हणजे माझं, रॉड तुटून ब्लॉकबाहेर आलेलं. ते कुठे टाकलं, माहीत नाही.

मी विचारलं, इंजिन परत हवंय का? पाठवायची तयारी होती, सहाशे पौंडांहून जड धूड असलं तरी. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, '४५५ला आता पंचेचाळीस वर्षं झाली, त्याला कुठे हाकलू?' इंजिन नको म्हणाले. पण त्या ठशाची पेन्सिल प्रिंट पाठव, मूळ बिलाशेजारी फ्रेम करून लावतो म्हणाले. जावाकर, तुमचा आरटीओचा कागद मोडेस्टोला गेला.

तर मूळ प्रश्न. हेच इंजिन बांधतोय. आहे तो वायएस ठसा तसाच राहणार, आणि फाइलमध्ये कोणाचं, कधी, कसं आलं ते सगळं लिहून ठेवतोय. क्रँकला पायलट बुशिंगचं भोक नीट पाडून घेतलं, नाक कापलेल्या शाफ्टच्या जागी नवा शाफ्ट. नायलॉनचं चक्र फेकलं, अण्णा. वेल प्लगना इपॉक्सी लावलं, कुलकर्णी. ऑगस्टात डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या क्रूझला न्यायचा मानस आहे, रंग नसला तरी.

---

हेमांगी_ट्रॉय | २१ जून, रात्री १०:२०

गॅरेजचा अर्धा भाग १ ऑक्टोबरला माझा होणार, असं लेखी घेतलंय. तेही फाइलमध्ये आहे.

---

कोकणी_कॉन्टेसा | २२ जून, सकाळी ८:३०

आणि तुझा स्वतःचा ब्लॉक?

---

चाकधर | २२ जून, सकाळी ८:४५

शोध चालूच. डब्ल्यूटी, २८पी, शेवटचे तीन आकडे ४१७, आणि एका बाजूला मुठीएवढं भोक असणार. कुणाला कुठे दिसला तर कळवा.

---

झंप्या | २२ जून, सकाळी ८:४७

रविवारी जुन्या बाजारात बघून येतो.